धोंड्याच्या महिन्यातला केक

माझ्या नातवंडांना वाटतं, आजी पळी हातात घेऊनच जन्माला आली. मीही कशाला सांगू? पण पंचेचाळिशीत मी जी बाई होते, ती आज माझ्या स्वयंपाकघरात आली, तर मी तिला गॅसजवळ फिरकू देणार नाही. भांडी घासायला देईन, तीही नजरेसमोर.

लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना होता. अधिकाचा हा महिना म्हणजे जावयाचा मान. त्याला घरी बोलवायचं, कणकेत पुरण भरून वाफवलेले धोंडे ताटात वाढायचे, वर तुपाची धार धरायची. आम्ही तेलगावकडचे, ऊस-कापूस करणारे. लेक दिली होती बीडला. विहीणबाई मनानं वाईट नव्हत्या, पण जिभेला हाड नव्हतं. लेक दिवाळीला आली तेव्हा भाजी निवडता निवडता बोलून गेली, "आत्याबाई म्हणतेत, तुमच्याकडच्या बायांना पुरणाच्या पुढं काय येतंय?"

सासूचं बोलणं तिनं हसत सांगितलं, पण मान वर केली नाही. ती खाली गेलेली मान मला डाचत राहिली. माहेरावरून माझ्या पोरीला कुणी टोचून बोलायचं नाही, असं मी ठरवलं. आणि त्यावर उपाय काय काढला? केक.

टीव्हीवर एक बाई कुकरमध्ये केक करायची. शिट्टी काढायची, तळाला वाळू घालायची, त्यावर डबा ठेवायचा. बघायला इतकं सोपं, की मला वाटलं, आपण आजवर उगाच भाकरी थापत बसलो.

आमचे हे म्हणाले, "आगं, जावयाला धोंडे लागतेत. वाढदिवस हाय का त्याचा?"

"तुमी गप बसा. विहीणबाई येणार हायेत संगं. त्यांच्या डोळ्याचं पारणं फिटलं पायजे."

धोंडे अजिबात करायचे नाहीत, हे पंचेचाळिशीतल्या त्या शहाण्या बाईनं, म्हणजे मीच, परस्पर ठरवून टाकलं. डाळसुद्धा भिजवली नाही.

टीव्हीवाली सोडा घाला म्हणाली होती. घरात सोडा नव्हता, पापडखार होता. पापड त्यानं फुलतो, मग केकानं काय घोडं मारलंय? शिवाय ती बाई चिमटीनं घालत होती. चिमटीनं घालणं मला कंजुषीचं वाटलं. आमच्याकडे पापड घालायचे तर गल्लीभराचे घालतात, खार मुठीनं पडतो. मी मूठच टाकली. वर लावायला सायीचं पांढरं करायचं होतं, म्हणून गार सायीत साखर घालून रवी फिरवली. टीव्हीवाली फेस आला की थांबली होती. माझ्या हाताला लोणी निघाल्याशिवाय थांबायची सवय नव्हती. निघालं लोणी. तेच थापलं केकावर.

आता कुणी विचारेल, चाखून नाही का बघितलं? नाही बघितलं. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी चमचाही तोंडाला लावायचा नाही, ही माझ्या सासूची शिस्त. मी सगळं नवं केलं, पण तेवढं एक जुनं मात्र इमानदारीनं पाळलं.

बीडहून एसटीनं तिघं आली. जावई पाटावर बसले, पुढं दिवा, ताटात केकाचा हा एवढा तुकडा. वरून पांढरा, आतून पार तपकिरी. विहीणबाईंनी भुवया वर केल्या. मी मनातल्या मनात हार घालून घेतला.

जावयांनी घास घेतला. चावायचे थांबले. परत चावायला लागले, पण अगदी सावकाश. सासुरवाडीचं गोड ताटात टाकायचं नसतं, हे बिचाऱ्याला कुणीतरी शिकवून पाठवलं होतं.

"मामी, चांगलंय," डोळ्यांत पाणी आणून म्हणाले. "पाणी द्या जरा."

विहीणबाईंनी लेकाच्याच ताटातल्या केकाचा कोपरा मोडून तोंडात टाकला. "अगं बया! विहीणबाई, हे खायाचं हाय का ह्यानं धुणं धुवायचं हाय?"

मी लेकीकडे बघितलं. तिची मान पुन्हा खाली गेली होती, दिवाळीत गेली होती त्याहून खाली.

"बरं, धोंडे तरी आणा," विहीणबाई म्हणाल्या.

"न्हाई केले."

"कावून?"

खरं तोंडातून निघून गेलं. "तुमीच म्हणलात ना, आमाला पुरणाच्या पुढं काय येत न्हाई."

विहीणबाईंनी आधी सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे. वाटलं, आता भांडण. पण त्या उठल्या, पदर कमरेला खोचला आणि सरळ आत गेल्या. मुलाची आई सुनेच्या माहेरी मानाची पाहुणी. तिनं आमच्याकडे पेला उचलून ठेवला तरी बाया नावं ठेवतात. मी नको नको म्हणत मागं धावले.

"डाळ कुठंय? लावा कुकर. धोंडे खाल्ल्याशिवाय माझा लेक इथनं उठायचा न्हाई."

त्या कुकरात अजून वाळू होती. ती झाडून, धुऊन डाळ लावली. पुरण विहीणबाईंनी हट्टानं स्वतः करायला घेतलं आणि तिथं मला कळलं, की बाईंना पुरणही येत नाही. डाळीचं पाणी न निथळताच त्यांनी गूळ घातला. आटवून आटवून दोघींचे हात दुखले, तरी ते सैलच. धोंडे वाफेवर ठेवले तसे एकेक करून फुटले. झाकण काढून आम्ही दोघी आत बघत उभ्या राहिलो.

"बीडला आमी विकतच आणतो," त्या हळूच म्हणाल्या.

ऊन कलल्यावर जावयांनी फुटके धोंडे वाटीत घेऊन, तूप ओतून, चमच्यानं खाल्ले. दोनदा मागून घेतले. भुकेनं का प्रेमानं, ते मी विचारलं नाही.

निघताना मी ओटी भरली. विहीणबाई सुनेला म्हणाल्या, "तुज्या सासऱ्यापुढं धोंड्याचं काडीचं बोलायचं न्हाई."

"आन् केकाचं, आत्याबाई?"

"त्याचं मी बोलले तर तुजी आई माज्या पुरणाचं बोलंल की!"

लेक हसली. सासूकडे, मग माझ्याकडे सरळ बघून, चांगली खदखदून हसली. एसटी आली तरी तिचं हसू थांबेना.