घट बसले आणि स्नॅपर आले

वारेकाकांना पत्ता विचारला तरी ते आधी वाऱ्याची दिशा सांगायचे. पॉइंट कुकमधल्या आमच्या गल्लीत शिरलं की बोट ओलं करून हवेत धरलेले काका हमखास दिसत. त्यांचं खरं आडनाव काही वेगळंच होतं, पण ते कुणी वापरत नसे.

मूळचे अलिबागचे, पेशाने सिव्हिल इंजिनिअर. सप्टेंबर उजाडला की त्यांना घरात करमायचं नाही, कारण इथे दक्षिण गोलार्धात तेव्हा वसंत असतो आणि स्नॅपर मासा अंडी घालायला बेमध्ये, किनाऱ्यालगतच्या उपसागरात, शिरतो. "दक्षिणेच्या वाऱ्याला दोन दिवस धिंगाणा घालू दे," ते मला फोनवर सांगत. "पाणी गढूळ झालं की तो बेटा किनाऱ्याजवळ चरायला येतो. आज आर्व्होला, दुपारनंतर, वारा पडतोय. ऑफिसला सांग, डेंटिस्टकडे चाललोय!" गेल्या वसंतात माझे दात इतक्यांदा दुखले, की मॅनेजरने मला दुसरा डेंटिस्ट सुचवला.

मी पुण्याचा, पक्का शाकाहारी. गळाला आमिष लावताना मान वळवायचो. काका खवळायचे. "अरे, तुला कोण खायला सांगतंय? त्याला खायला घालतोयस तू!"

गंमत अशी, की या देशात नवरात्र ऐन वसंतात येतं. काकांकडे घट बसले की ते गळाला हात लावत नसत, आणि मोठा स्नॅपर मुद्दाम त्याच दिवसांत येतो, असं त्यांचं ठाम म्हणणं. इतक्या वर्षांत फ्लॅटहेडसारखे साधे मासे ढिगाने मिळाले, मोठा स्नॅपर एकही नाही. त्यात गेल्या वर्षीचं नवरात्र त्यांचं इथलं शेवटचं. अलिबागला आई एकटी पडली होती आणि दसऱ्यानंतर ते कायमचे परत निघाले होते. मोठा स्नॅपर न मिळताच ते जाणार, याचं मला फार वाईट वाटत होतं.

अष्टमीला वारा पडला. "मी नुसता बघायला येतो," म्हणत ते वेरिबी साउथच्या जेट्टीवर आले, हात पाठीमागे बांधून. रॉड माझा, सूचना त्यांच्या. आणि एकदम रील किंचाळलं! रॉड पार वाकला.

"ओढू नकोस! पळू दे त्याला! आता गुंडाळ! अरे गुंडाळ ना, गाढवा!"

मी ओरडलो, "काका, धरा! निसटतोय!"

त्यांनी एकदा रॉडकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. "घटात खायचा नसतो," ते स्वतःशीच म्हणाले. "धरायचा नसतो असं आई कधी म्हणाली नाही." आणि रॉड हिसकावलाच!

तुम्ही तिथे असायला हवं होतं. साठीचा माणूस जेट्टीभर पळत होता, शिव्या देत होता, हसत होता. शेजारचा एक गोरा म्हातारा आपला रॉड टाकून जाळी घेऊन धावला. "ईझी, मेट, ईझी!" शेवटी जाळीत आला तो! गुलाबी, अंगावर निळे ठिपके, माझ्या हाताएवढा लांब.

मी फोन काढेपर्यंत काकांनी गळ सोडवलासुद्धा.

"फोटो तरी काढू द्या!"

"नको. आईला दाखवला तर आधी तिथी विचारेल."

त्यांनी जाळी पुन्हा पाण्यात उतरवली. मासा क्षणभर तसाच राहिला, मग शेपटी मारून दिसेनासा झाला. म्हातारा तोंडाचा आ करून बघत होता. काका कठड्याला धरून उभे होते, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहत होते.

"चल," ते म्हणाले. "आता जायला हरकत नाही."