मंडळाला गेलेलं लोकेशन

अनोळखी पुरुषाला भेटायला मी अगदी नियमाप्रमाणे गेले होते, आणि माझी जी काही शोभा झाली ती नियमांमुळेच झाली.

आमची टाउनशिप भोपाळच्या एका टोकाला. बाबा इथल्याच कारखान्यातून निवृत्त झाले, मी तिथेच कॉम्प्युटर विभागात लागले. क्वार्टर बदललं, शेजार तोच राहिला. इथे कुणाच्या घरी आज कुठली भाजी जळली, हे घरच्यांच्या आधी शेजाऱ्यांना कळतं. त्यात पस्तिशीची बिनलग्नाची मुलगी म्हणजे सार्वजनिक मालमत्ताच! म्हणून डेटिंग अ‍ॅपवर मी गेले ती पुरती तोंड लपवून. नाव मीरा (खरं वसुधा), नोकरी खासगी, राहणार शहराच्या दुसऱ्या टोकाचं कोटरा सुल्तानाबाद. फोटोत गॉगल, टोपी आणि उरलेल्या जागेत मी.

तिथे समीर भेटला. कॉलेजात शिकवतो म्हणाला. लाडीगोडी नाही, 'अजून फोटो पाठव' नाही, आणि माझ्या विनोदांना उशिरा का होईना, पण हसायचा. मला तो आवडायला लागला होता, खोटं कशाला बोलू? भीती दोनच गोष्टींची. तो लफंगा निघाला तर, आणि आईला कळलं तर. त्यातही दुसरीची जास्त.

भेट ठरली जवाहर चौकातल्या एका कॉफीच्या दुकानात, भरदुपारी, चार लोकांत. पोचल्याबरोबर रश्मीला, म्हणजे माझ्या एकुलत्या एक विश्वासू मैत्रिणीला, लाइव्ह लोकेशन पाठवलं, फोन सायलेंट केला आणि पर्समध्ये टाकला. सुरक्षिततेत काही कसर ठेवली नाही. फक्त ते लोकेशन रश्मीला न जाता यादीत तिच्या खाली असलेल्या 'महिला मंडळ' ग्रुपवर गेलं. त्यात टाउनशिपमधली प्रत्येक काकू होती, मावशी होती आणि माझी आई होती.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. शहर लांब पडतं, म्हणून जो कोणी जवाहर चौकात जाईल त्याने सगळ्यांना विचारायचं, काही आणायचंय का? न विचारता जाणारा शिष्ट ठरतो. मंडळाची समजूत झाली की वसूने नव्या पद्धतीने विचारलंय. मंडळ कामाला लागलं.

इकडे समीर विचारत होता, "कोटऱ्यात कुठे राहता तुम्ही?"

"तिथेच... मंदिराजवळ."

"कोणत्या? मी लहानपणापासून तिकडेच राहतो."

(एवढं मोठं भोपाळ पडलं होतं, पण मला खोटं बोलायला नेमका त्याचाच मोहल्ला सापडला!)

मी कॉफीत तोंड खुपसलं, तेवढ्यात पाठीवर थाप पडली. शेजारच्या परांजपे काकू. हातात साडीची पिशवी.

"वसू, अगं मी इथेच पिकोवाल्याकडे होते. मेसेज करून करून थकले. बरी सापडलीस."

"वसू?" समीर म्हणाला. "तुम्ही तर मीरा ना?"

"कोण मीरा?" काकूंनी खुर्ची ओढली. "ही वसुधा. आमच्या कारखान्यात आहे. वडिलांचं बायपास झालंय, पण आता ठणठणीत. रक्तगट ओ पॉझिटिव्ह. मागे दोन स्थळं आली होती, हिनेच नाक मुरडलं. बरं, तुम्ही कोण?"

मला अ‍ॅपवर दोन महिन्यांत जे विचारायचं धाडस झालं नव्हतं, ते काकूंनी कॉफी निवायच्या आत काढलं. त्याचं नाव समीर नव्हतंच, श्रीकांत होतं. (त्यालाही सुरक्षितता प्रिय.) घराणं मूळ उज्जैनचं, विषय रसायनशास्त्र, आणि त्याची मावशी काकूंच्या वहिनीच्या शाळेत शिकवायची. पोलिसांनी काकूंना नोकरीवर का घेतलं नाही, कळत नाही.

मी पर्समधून फोन काढला. ग्रुपवर मागण्यांची रांग लागली होती. चक्का, मेतकूट, कुणाचा तरी दुरुस्तीला टाकलेला मिक्सर. तळाशी आईचा मेसेज होता, "तू ऑफिसात होतीस ना? येताना खोबरं आण."

आता हा गृहस्थ उठून जाणार याची मला खात्री होती. खोटं नाव, खोटा पत्ता, वर काकू. फार वाईट वाटलं. पण तो माझ्या फोनमध्ये डोकावला आणि म्हणाला, "मिक्सर कुठल्या दुकानात आहे?"

तिथे मी त्याच्यावर पुरती लट्टू झाले. मिक्सरपायी लट्टू होणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर आता वाचा.

माझी स्कूटी सामानाने भरली. चक्का त्याच्या स्कूटरच्या डिकीत गेला, काकू मांडीवर मिक्सर घेऊन त्याच्या मागे बसल्या आणि "चला" म्हणाल्या. लोकेशन चालूच असल्यामुळे आम्ही कुठल्या सिग्नलला थांबलो हेही मंडळाला दिसत होतं. घरी पोचलो तेव्हा अख्खं मंडळ आमच्या व्हरांड्यात हजर होतं. पुढे आई. तिने मला पाहिलं, त्याला आपादमस्तक पाहिलं आणि खोबरं न मागता म्हणाली, "आत या."

सगळ्याजणी त्याला घेरून बसल्या. चिवडा आला, चहा आला, पगाराचा विषय निघाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मित्राचा. त्यानेही नियम पाळला होता, ठरल्या वेळी मित्राने फोन करून खुशाली विचारायची. मित्राचा आवाज मात्र खोलीभर ऐकू येत होता.

"सब ठीक है ना? लड़की सही निकली?"

"लड़की तो सही है," तो हळूच म्हणाला. (इथे मी लाजले.) "लेकिन पूरी कॉलनी बैठी है, यार."

"तो निकल वहाँ से. गाड़ी है ना?"

त्याने खिडकीतून पाहिलं. गाडी होती. किल्ली घेऊन परांजपे काकू डिकीतून चक्का काढत होत्या. मग त्याने दाराकडे पाहिलं.

मी उठले आणि दाराला कडी घातली.