मूठ आवळायची नाही

"मशीन पाहा तुमचं एकदा," मेडिसिनचे सर फोनवर म्हणाले. "पोटॅशियम सहा पॉइंट तीन कसं येतं?"

"मशीन ठीक आहे सर. सकाळीच कंट्रोल लावलाय." कंट्रोल म्हणजे आधीच उत्तर माहीत असलेली बाटली. तिचा आकडा बरोबर आला की मशीनवर भरवसा ठेवायचा.

दुसरं सॅम्पल आलं. सहा पॉइंट चार.

मी गेल्या वर्षी रिटायर झाले. ही गोष्ट घडली तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. नाव सांगत नाही. रक्तातलं पोटॅशियम साडेतीन ते पाचच्या मध्ये असावं. फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. पेशंट शांताबाई, मारेगावकडच्या, साठीच्या. चक्कर येते म्हणून भरती झालेल्या. त्यांच्या बीपीच्या गोळीनंही पोटॅशियम वाढतं, म्हणून सरांनी ठरवलं, नागपूरला पाठवू, किडनीचे डॉक्टर तिथं आहेत.

मला काही चैन पडेना. रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरवली की वर पिवळं पाणी राहतं, ते सीरम. रक्त घेताना पेशी फुटल्या तर ते लालसर दिसतं आणि पोटॅशियम खोटं वाढतं. इथं सीरम एकदम स्वच्छ. किडनीचे रिपोर्ट चांगले, ईसीजी चांगला. मग वाढलं कायले? उठले आणि वॉर्डात गेले.

दारातच शांताबाईंची मुलगी पिशवीत कपडे कोंबत होती. डोळे सुजलेले.

"मायले नागपूरले नेऊन राह्यले ताई. जीव वाचन ना तिचा?"

"थांब जरा. मले पाहू दे," म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, मलाच माहीत नाही.

आत आमची इंटर्न, डॉक्टर श्रेया, पाठवायच्या आधी आणखी एक सॅम्पल घेत होती. आधीची दोन्ही तिनंच घेतली होती. शीर सापडत नव्हती. दंडावर पट्टा करकचून बांधलेला.

"आजी, मूठ उघडा-झाका. अजून जोरात."

जन्मभर निंदण-खुरपण केलेला हात तो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून आजींनी असा जोर लावला की पलंग हलत होता.

मी कपाळाला हात लावला. पट्टा बांधून मूठ अशी आवळत राहिलं की स्नायूंतलं पोटॅशियम त्याच हाताच्या रक्तात उतरतं. अंगात वाढलेलं नसतं. फक्त आपल्या नळीत वाढतं.

"सोड तो पट्टा," मी म्हटलं. दुसऱ्या हाताची शीर बोटानं चाचपून शोधली. पट्टा जेमतेम मिनिटभर, मूठ नाहीच. रक्त घेतलं आणि स्वतः नळी घेऊन खाली गेले.

चार पॉइंट पाच.

स्टुलावर बसून घेतलं. इतकं बरं वाटलं की मशीनवरून हात फिरवला. वर फोन केला, सरांनी रेफरची चिठ्ठी फाडली. चक्कर बीपीच्या गोळीची निघाली. डोस कमी केला आणि तिसऱ्या दिवशी शांताबाई एसटीनं घरी गेल्या.

त्याच दुपारी सरांनी सगळ्यांना बोलावलं. "श्रेया, हे मुठीचं कोणी शिकवलं?"

"सीनियरनं, सर."

सीनियर खाली पाहू लागला. "सर, तुम्हीच सांगितलं होतं. राउंडला."

सर म्हणाले, "मलेही असंच सांगितलं होतं. ताई, पुढच्या बॅचला रक्त घ्यायला तुम्ही शिकवा."

ऑफिसात कुरबुर झाली. टेक्निशियन काय डॉक्टरांना शिकवणार? सर म्हणाले, इंटर्नच्या लॉगबुकवर सही मी करतो, शिकवणार त्याच. पहिल्या तासाला स्वतः पहिल्या बाकावर येऊन बसले.

तास संपल्यावर श्रेया माझ्यामागं आली. "ताई, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

"वीस वर्षं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"कोणी विचारलंच नाही," मी म्हटलं आणि ते मलाच लागलं. नळ्या माझ्याकडे येत होत्या, आकडे मी देत होते, आणि वर रक्त कसं काढतात हे पाहायला मी त्या दिवसाआधी वीस वर्षांत एकदाही जिना चढले नव्हते. मूळ गोष्टी कोणी शिकवाव्या? ज्याला येतात त्यानं. न विचारता.