डब्यावरचा हात

कॉलेजच्या पहिल्या दिवशी साताऱ्याच्या एस.टी.त माझ्या शेजारी कोयनानगरची एक बाई बसली होती. मोठ्या भूकंपाला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. तरी गाडीला धक्का बसला की तिचा हात आपोआप मांडीवरच्या डब्यावर जाई आणि तो धरून ठेवी. माझे थरथरणारे गुडघे तिनं पाहिले.

"भ्या वाटतंय व्हय?"

"मावशी, घरी परत जाऊ का?"

"आमच्याकडं जमीन अजून हालती, पोरी. थांबल्यावर भाकरी थापीन म्हनलं, तर पोरं उपाशीच ऱ्हायची."

एवढं बोलून ती खिडकीला डोकं टेकून चक्क घोरू लागली. हात मात्र डब्यावरच होता. मला तिचा हेवा वाटला.

वर्गात माझं नाव पुकारलं, तेव्हा गुडघे तसेच थरथरत होते. मी त्यांच्यासकट उभी राहिले.