शेवटचा अर्धा तास

कन्नड गावच्या एसटीत मंगळवारी आणि शुक्रवारी एक गडी माझ्या शेजारी असायचा. शहरात डायलिसिसला जायचा आणि ते चार तास मोबाईलवर पिच्चर बघायचा. परतताना मला सगळं ऐकवायचा.

"हिरोला तीन गोळ्या लागतेत, तरी गडी पळतोच! मला सुई टोचली की घेरी येते." यंत्रमानवाच्या पिच्चरवर म्हणायचा, "त्यात काय नवल? मीबी आठवड्यातून दोनदा मशीनच असतो." कार्टून मात्र त्याला लई आवडायचं.

शेवट तो कधीच बघायचा नाही. "अर्धा तास राखून ठेवतो. पुढच्या खेपेला यायला काय तरी पाहिजे का नाय?"

गेल्या शुक्रवारी मीच विचारलं, "आज कोणता?"

"कार्टून. हरवलेलं कोल्ह्याचं पिल्लू घरी पोचलं," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "आज सगळाच बघून टाकला."