दक्षिणेची भिंत

मंगळवारी हे कॉलेजात शिकवायला गेले. दुपारी कॉलेजचा शिपाई दाराशी आला आणि म्हणाला, मास्टरमोशाय वर्गात कोसळले. मी पोहोचले तेव्हा हे गेले होते.

दिवसकार्य आटोपल्यावर घराचा प्रश्न उभा राहिला. कलकत्त्याच्या बेहाला भागातलं ते घर आम्ही कर्ज काढून बांधलं होतं. आज राहायचं, निवृत्तीनंतर चांगल्या भावाने विकून पुण्याला जायचं, असा यांचा बेत. माझ्या शाळेच्या पगारात हप्ते आणि मुलीचं शिक्षण, दोन्ही बसेना. घर विकलं गेलं नाही, तर नोकरी सोडून पुण्याला दिरांकडे जावं लागणार होतं. मला या शहरातून हलायचं नव्हतं.

गिऱ्हाइकं येत, खोल्या बघत आणि दक्षिणेच्या भिंतीपाशी थबकत. कलकत्त्यात संध्याकाळचा वारा दक्षिणेकडून येतो; ती बाजू मोकळी असेल तर घराला भाव जास्त. आमच्या त्या भिंतीला खिडकीसुद्धा नव्हती. ती यमाची दिशा, असं सासूबाईंनी बांधकामाच्या वेळी बजावलं होतं. यांचा विश्वास नव्हता, पण आईचं मन मोडवेना. मग त्या भिंतीला छतापर्यंत फळ्या ठोकून यांनी पुस्तकं लावली. यमाच्या दिशेला भिंत होती, तरी शिपाई तो निरोप घेऊन आलाच, पूर्वेच्या दाराने.

शेवटी एक निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची बायको आली. बाई घरभर फिरल्या आणि भिंतीसमोर उभ्या राहिल्या.

"दीदी, इतकी वर्षं तुम्ही श्वास कुठून घेत होतात?"

पोस्टमास्तर ओशाळले. मला मात्र हसू आलं, हे गेल्यानंतर पहिल्यांदाच.

"पावसाची झडही तिकडूनच येते," मी म्हटलं. "माझं एकही पुस्तक भिजलं नाही."

"पुस्तकं तुम्ही न्याल. आम्हाला वारा लागतो."

त्यांनी सांगितलेली किंमत आमच्या बांधकामाच्या खर्चाहून कमी होती. भिंत फोडून खिडकी बसवण्याचा खर्च वजा केला आहे, हेही त्यांनी न लपवता सांगितलं. दिरांनी कळवलं, वहिनी, घाई करू नका, सध्या शहरात गडबड आहे, ती शांत झाली की भाव चढेल. कदाचित त्यांचंच बरोबर होतं. पण तोवर हप्ते थांबणार नव्हते.

मी पुस्तकं खाली काढायला घेतली. त्यांच्यामागची भिंत कोरडी होती. तिच्याकडे बघताना वाटलं, आईला दुखवायचं नाही म्हणून यांनी जाणूनबुजून हा तोटा पत्करला होता. तो आता माझ्या वाट्याला आला, इतकंच. माणूस असा होता याचं मला बरं वाटलं. मी होकार कळवला.

चैत्रात बाईंनी मुद्दाम बोलावलं आणि नव्या खिडकीशी बसवलं. वारा येत होता. दोघांनी आग्रहाने संदेश नावाची मिठाई खायला घातली. थोड्या वेळाने बाईंनी हळूच विचारलं, "दीदी, राग येतो का आमचा?"

"नाही," मी म्हटलं. खरोखरच येत नव्हता. भिंतीने आमची पुस्तकं सांभाळली, आणि या दोघांनी मला याच शहरात राहू दिलं.

आता शाळेजवळ भाड्याच्या दोन खोल्या आहेत. मुलगी कॉलेजात जाते. कर्ज फिटलं आहे. पुस्तकं माझ्याजवळ आहेत.