डाव्या हाताची दोन कामं

पडायचंच होतं, तर निदान कामावर तरी पडायचं होतं. मावशी जन्मभर कारखान्याच्या छताला टेकलेल्या केबिनमध्ये बसल्या, लोखंडी शिडी रोज चढल्या-उतरल्या, कधी पाय घसरला नाही. आणि घसरल्या कुठे, तर घरच्या मोरीत! डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा तो हात शेजारणीकडून उसना आणल्यासारखा वागायला लागला.

कारखान्यात सगळे त्यांना मावशीच म्हणत. शेडच्या वर रुळांवर धावणारी क्रेन त्या चालवत. उजव्या हाताशी एक दांडा, त्याने माल वर-खाली करायचा. डाव्या हाताशी दुसरा, आणि त्याला कामं दोन: अख्खी क्रेन पुढे-मागे न्यायची आणि माल लटकवायचा आकडा आडवा सरकवायचा. म्हणजे मोडला तो नेमका कामाचा हात. सुपरवायझरने त्यांना स्टोअरमध्ये हातमोजे वाटायला बसवलं आणि सरळ सांगून टाकलं, की महिनाअखेरीला चाचणी. पाण्याने काठोकाठ भरलेलं पिंप शेडच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायचं आणि न सांडता टेकवायचं. जमलं तर केबिन, नाहीतर रिटायर होईपर्यंत हातमोजे. त्यात बदलीवर आलेल्या उंच ऑपरेटरने केबिनमधली खुर्ची आपल्या लांब तंगड्यांच्या मापाने मागे सरकवल्याचं कानावर आलं. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दवाखान्यातून व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. तो दाबून दाबून मावशींना वीट आला. हात दाबायला शिकत होता, पण हलकेच, हवं तेवढंच सरकवायला शिकत नव्हता. अशात एकदा बाजारातून येताना खेळण्यांच्या दुकानाच्या काचेत हेलिकॉप्टर दिसलं, आणि त्याच्याशेजारी दोन छोट्या दांड्यांचा रिमोट. दोन दांड्या, दोन हात! मावशी तशाच आत शिरल्या. पिशव्या सांभाळत नवराही मागोमाग. तो शिंपी, स्वभावाने गरीब. बायकोच्या डोक्यात काही शिरलं की वाद घालायचा नाही, हे त्याने कधीच ओळखलं होतं.

दुकानदार भला माणूस. हात बघून त्याने तीन चॅनलवालं पुढे केलं. चॅनल म्हणजे काय, असं मावशींनी विचारल्यावर त्याने नीट समजावलं. रिमोटकडून हेलिकॉप्टरला जाणारा एकेक वेगळा हुकूम म्हणजे एकेक चॅनल. तीनवाल्याला वर-खाली, पुढे-मागे आणि वळणं एवढंच कळतं. चारवालं तोंड न वळवता बाजूलाही सरकतं. सहावाल्यात पात्यांचा कलसुद्धा बदलतो आणि ते उलटंही उडतं, पण नवख्याने त्याच्या नादी लागू नये. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, कुठल्या हाताला काय काम? तीनवाल्यात डाव्याला फक्त वर-खाली, बाकी सगळं उजव्याला. चारवाल्यात डाव्याला वर-खाली आणि शिवाय वळणं.

"म्हणजे तीनवाल्यात हा बसून खाणार," मावशी आपल्या डाव्या हाताकडे बघून म्हणाल्या. "चारवालं द्या."

नवऱ्याने हळूच सुचवून पाहिलं, की आधी सोपं घ्यावं, मग बघू.

"सोप्याने हा सोकावेल. आणि मला उलटंही उडायचं नाही. मला सरळ उतरवायचंय."

घरी गेल्यावर मात्र नाकी नऊ आले. हेलिकॉप्टर उठे, जरा डगमगे आणि धाडकन खाली. कधी पडद्यावर, कधी नवऱ्याच्या चहात, कधी शिलाई मशीनवरच्या अर्ध्या बाहीवर. पाती बदलून बदलून मावशी थकल्या, तेव्हा कुठे चूक सापडली. क्रेनचा दांडा सोडला की आपोआप मधे येतो आणि क्रेन जागच्या जागी थांबते. 'गोंधळलास तर सोड,' हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. इथे डावी दांडी सोडली की ती खाली जाई, पंख्याचा जोर जाई आणि स्वारी जमिनीवर! मावशींनी कपाळाला हात लावला. मग रोज कामावरून आल्या की तोच उद्योग: गोंधळ झाला तरी धरून ठेवायचं, केसभर द्यायचं, केसभर काढायचं. मनगट ठणके. त्या मनगटालाच दटावत. नवरा बाही घेऊन टेबलाखाली बसून टाके घालू लागला. अखेर एका संध्याकाळी हेलिकॉप्टर फिरून आलं आणि जमिनीवर ठेवलेल्या पोळपाटावर अलगद बसलं.

चाचणीला मावशी शिडी चढल्या. खुर्ची तशीच मागे होती. ती पुढे ओढायला हात गेला आणि त्यांनी तो आवरला. आधी पिंप, मग खुर्ची. खुर्चीच्या कडेला टेकून बसल्या.

पिंप उठलं. निम्म्या वाटेवर झोका घ्यायला लागलं. खाली सगळे मागे सरले. मनगटातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि सगळा हात सांगायला लागला, सोड. सोडलं असतं तर क्रेन जागीच थांबली असती आणि पिंपाने हेलकावा घेऊन पाणी भिरकावलं असतं. मावशींनी सोडलं नाही. झोक्याच्या मागोमाग क्रेन केसभर पुढे दिली, मग आकडा केसभर बाजूला, पुन्हा केसभर पुढे. झोका मरत मरत थांबला. पिंप खाली आलं आणि टेकलं.

सुपरवायझरने भोवतालच्या फरशीवरून हात फिरवला. तळहात कोरडा होता. त्याने मान वर केली.

"मावशी, उतरा आता."

"कशाला?" वरून आवाज आला. "पुढचा माल लावा."

मग मावशी वाकल्या. खुर्चीची कडी चाचपली आणि खुर्ची पुढे ओढली, डाव्या हाताने.